वर मारलेलं खाली कुठे पडतं?

तवीकाठचा

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नोकरीपायी तीन वर्षं जम्मूत आहे. ८ मे २०२५ ची रात्र तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, आम्ही गच्चीवरून पाहिली. सायरन झाला, दिवे गेले, आणि थोड्या वेळात आभाळात लाल मणी ओवल्यासारख्या रेघा सुरू झाल्या. आधी रेघ दिसायची, आवाज मागाहून यायचा. काही रेघा वर जाऊन फट्कन फुटायच्या, काही नुसत्याच वर जात जात विझायच्या. घरमालक, सत्तरी ओलांडलेले डोगरा गृहस्थ, जिन्यातून ओरडत होते, "नीचे आ जाओ, अपनी ही चीज़ सिर पे गिरेगी!" आम्ही काही लगेच उतरलो नाही. खोटं कशाला बोलू, व्हिडिओ काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर पाण्याच्या टाकीच्या झाकणाला दोन बोटं जाईल एवढं भोक. टाकी उपसली तेव्हा तळाशी एक लोखंडाचा तुकडा निघाला. करंगळीएवढा लांब, तिच्याहून जाड, कडा फाटलेल्या पत्र्यासारख्या. एका अंगाला तांब्याची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीवर तिरक्या खाचा, एकसारख्या अंतराने, कुणी कानस फिरवल्यासारख्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

प्रश्न असा की हा तुकडा कशाचा? ड्रोनचा की आपल्याच तोफेचा? आणि एवढे हजारो गोळे वर मारतात, ते सगळे खाली कुठे पडतात? याचा कुणी विचार करतं की नाही?

अर्धा_कप

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

गच्चीवरची_मांजर

अरे देवा, तो तुकडा टेबलावर कशाला ठेवलास? आधी घराबाहेर काढ.

पेठेतला

आमच्याकडे गच्चीवर फक्त पतंगाचा मांजा आणि शेजाऱ्यांच्या चपला पडतात. तुमचं नशीब थोर.

सह्यकडा

सैन्य जिवावर उदार होऊन शत्रूचे ड्रोन पाडतंय आणि इथे लोकांना टाकीच्या झाकणाची पडलीय. अशा वेळी असले प्रश्न विचारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळ्येकाका

@सह्यकडा, प्रश्न विचारलाय, आरोप केलेला नाही. दोन्हींत फरक असतो.

आता माझी आठवण. डिसेंबर १९७१, गिरगावातली आमची चाळ. मी सातवीत. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. सायरन वाजला की वॉर्डन खालून ओरडायचा, "तिसरा मजला, लाईट!" नियम असा की जिन्याखाली जाऊन बसायचं. प्रत्यक्षात अख्खी चाळ गॅलरीत. विमान दिसतं का बघायला. एकटी माझी आजी तेवढी जिन्याखाली, आणि तीसुद्धा डोक्यावर पितळी परात धरून. आम्ही पोरं खदाखदा हसायचो. "आजी, बाँबला परात काय करणार?" तर म्हणायची, "बाँबसाठी नाही रे. आपलेच लोक वर काय काय उडवतील, ते खाली यायचंच ना कधीतरी."

आजी चौथी शिकलेली. तुमच्या डोगरा मालकांचं वाक्य वाचलं आणि चौपन्न वर्षांनी परात आठवली.

अर्धा_कप

आजींना साष्टांग _/\_

भौतिकी_मास्तर

आजींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. थोडं गणित करू, फळा पुसून घेतो.

दोन किलोमीटर उंचीवरून एखादी वस्तू सोडली आणि हवा नसतीच, तर जमिनीवर ती सेकंदाला जवळजवळ दोनशे मीटर वेगाने आपटेल. हवा असते म्हणून आपण वाचतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो आणि एका टप्प्यावर दोन्ही सारखे होतात, पुढे वेग वाढत नाही. पन्नासेक ग्रॅमच्या वेड्यावाकड्या लोखंडी कपचीसाठी हा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धरा. म्हणजे ताशी १८० किलोमीटर. बुमराहचा चेंडू १४० ते १४५ ने येतो. चेंडू गोल, कपचीला धार. प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडायला एवढं पुरे आहे.

धाग्यातल्या वर्णनात एक गोष्ट फार चांगली टिपलीय: काही रेघा फुटतात, काही विझतात. याचं उत्तर जाणकारांनी द्यावं.

कोकणी_काजू

मास्तर, नारळाचं गणित काय? आमच्याकडे रोज धडाधड पडतात.

भौतिकी_मास्तर

दीड किलोचा नारळ पंधरा मीटरवरून पडला तर त्या कपचीच्या तिप्पट-चौपट ऊर्जा घेऊन येतो. पण नारळ ती ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर पसरतो, कपची नखाएवढ्या जागेत घुसवते.

कोकणी_काजू

आणि नारळाला डोळे असतात. आमची आई सांगायची, तो माणूस बघून पडतो.

पेठेतला

कपची आंधळी. हे बाकी पटलं.

सुभेदार_आप्पा

नमस्कार. मी एअर डिफेन्समधून सुभेदार म्हणून रिटायर झालो, गाव सातारा जिल्ह्यात. आयुष्य एल-७० या विमानविरोधी तोफेवर गेलं. त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तवीकाठचा, तुमचा तुकडा तोफेच्या गोळ्याचा. तांब्याच्या पट्टीवरच्या तिरक्या खाचा हा पुरावा. नळीच्या आत पीळ असतो. गोळ्याच्या बुडाकडं तांब्याचा कडा असतो, त्याला आम्ही ड्रायव्हिंग बँड म्हणतो. गोळा सुटताना हा मऊ कडा नळीच्या पिळात रुततो आणि गोळा स्वतःभोवती फिरायला लागतो, म्हणून तो सरळ जातो. ड्रोनच्या तुकड्यावर अशा खाचा कुठून येणार? म्हणजे हा नळीतून गेलेला माल आहे, आणि बुडाकडचा आहे. बूड जाड असतं, गोळा फुटला तरी त्याचे मोठे तुकडे राहतात.

आता फुटणं आणि विझणं. एल-७० चा गोळा चाळीस मिलिमीटरचा, जवळजवळ किलोभर वजनाचा. नळीतून सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगानं निघतो, मिनिटाला तीनशेच्या घरात. तो लक्ष्याला लागला नाही तर काही सेकंदांनी वरच्या वर स्वतः फुटावा अशी सोय त्याच्यात असते. आपल्याच माणसांवर अख्खा गोळा पडू नये हाच तिचा हेतू. म्हणजे विचार कुणी करत नाही असं नाही, गोळा बनवतानाच केलेला असतो.

झेडयू-२३ ही तेवीस मिलिमीटरची तोफ, तिचं थोडं वेगळं. तिच्या पट्ट्यात दोन जातींचा दारूगोळा मिसळून असतो. एक स्फोटक, तो वेळ संपली की आपला आपण फुटतो. दुसरा भरीव, चिलखत भेदणारा, मागं ट्रेसर, म्हणजे जळत रेघ काढत जाणारी दारू. त्याला फ्यूजच, म्हणजे फोडणारी कळच नाही तर फुटणार कसा? ट्रेसरची दारू जळून संपली की रेघ विझते, गोळी पुढं जातच राहते आणि अख्खी खाली येते. तुम्ही विझताना पाहिल्यात त्या रेघांतल्या काही याच असणार.

आणि तुकडा टेबलावरून हलवा. गोळ्याच्या बुडातच ट्रेसरची दारू भरलेली असते. जळून गेली असेलच, पण असेलच आणि आहेच यात एक बोट जातं. हातोडी, कानस काही लावू नका, पोरांच्या हातात देऊ नका. पोलिसांना फोन करा.

गच्चीवरची_मांजर

बघ! मी आधीच सांगितलं होतं. माझं कोण ऐकतं.

ग्वाल्हेरकर

आप्पा, सुरेख माहिती. आमच्याकडे विमानं नाहीत पण लग्नं आहेत. ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात वरातीत बंदूक उडवल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला, आता आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी माझ्या चुलतभावाच्या लग्नात मांडवाच्या कापडाला वरून भोक पडलेलं मी पाहिलंय, आणि त्याच्या बरोबर खाली श्रीखंडाचं पातेलं होतं.

पेठेतला

श्रीखंड वाचलं का?

ग्वाल्हेरकर

श्रीखंड गाळून वाढलं.

चष्मेबद्दूर

पण सरळ वर मारलेली गोळी खाली येताना निरुपद्रवी असते ना? टीव्हीवर एका कार्यक्रमात दाखवलं होतं.

भौतिकी_मास्तर

अगदी काटेकोर नव्वद अंशांत मारली तर जोर बराच कमी होतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यातल्या हॅचर नावाच्या अधिकाऱ्याने फ्लोरिडात पाण्यात मचाण बांधून मशीनगनने सरळ वर पाचशेहून जास्त गोळ्या मारल्या. मचाणाजवळ परत येऊन पडल्या जेमतेम चार. वाऱ्याने बाकीच्या कुठच्या कुठे नेल्या. परत येतानाचा वेग त्याने सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास काढला. त्याला हे जीव घेण्याइतकं वाटलं नाही, पण पुढच्या अभ्यासांत सेकंदाला साठ मीटरलाही कवटी फुटू शकते असं दिसलंय.

दुसरं म्हणजे काटेकोर सरळ कोण मारतो? विमान बाजूने येतं, तोफ तिरकी असते. तिरकी गेलेली गोळी लोळण घेत पडत नाही, बाणासारखी टोक पुढे करून कमानीतून येते. तिचा वेग बराच शिल्लक असतो. धोका तिचा.

पॅसिफिक_पाटील

मूळ कोल्हापूर, मुक्काम होनोलुलू, बारा वर्षं. या विषयावर इथलं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही.

७ डिसेंबर १९४१, रविवार सकाळ. पर्ल हार्बरवर जपानी विमानांचा हल्ला. होनोलुलू शहर तिथून काही मैल पूर्वेला. त्या सकाळी शहरातही चाळीसेक स्फोट झाले, घरं पेटली, शाळेवर गोळा पडला. लोकांना वाटलं जपान्यांनी शहरावर बाँब टाकले. नंतर तज्ज्ञांनी तुकडे गोळा करून तपासले, तर एक सोडून बाकी सगळे अमेरिकी आरमाराचेच विमानविरोधी गोळे. पाच इंची तोफा, गोळा चोवीस-पंचवीस किलोचा. तो वर ठराविक वेळाने फुटावा म्हणून मारण्याआधी फ्यूज लावावा लागतो. त्या धांदलीत काहींचे लावलेच गेले नाहीत, काहींनी काम केलं नाही. मग गोळा आप्पा म्हणतात तसा अख्खा खाली आला आणि जमिनीवर आपटून फुटला.

जुड स्ट्रीटवर एक मोटार चालली होती. आत पर्ल हार्बरच्या गोदीत काम करणारी माणसं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं म्हणून कामावर निघालेली. गोळा शेजारी पडला. त्या गाडीचा फोटो प्रसिद्ध आहे: दार, टपाची कड, मागचा पत्रा, सगळ्याची चाळण. फोटोखाली त्या वेळी ओळ छापली की जपानी विमानाने टाकलेल्या बाँबने हे नागरिक मेले आणि आसपास कुठलंही लष्करी ठाणं नव्हतं. फोटो आजही पाहायला मिळतो, बहुतेक वेळा त्याच ओळीसकट. मी त्या रस्त्यावरून आठवड्यातून दोनदा जातो. उतार आहे, आंब्याची झाडं आहेत.

त्या दिवशी हवाईत ६८ नागरिक गेले. सगळे अशाच गोळ्यांनी गेले असं मी म्हणत नाही. पण शहरातल्या स्फोटांचा हिशोब हा असा आहे.

सह्यकडा

म्हणजे अमेरिकेने तोफा चालवायच्याच नव्हत्या का?

पॅसिफिक_पाटील

तसं कुठे म्हटलं? चालवायच्याच होत्या. फोटोखालची ओळ मात्र बरोबर लिहायची होती.

त्याच रात्रीची गोष्ट ऐका. एंटरप्राइज या विमानवाहू जहाजाची सहा लढाऊ विमानं रात्री पर्ल हार्बरमधल्या फोर्ड आयलंडवर उतरायला आली. आपलीच विमानं येतायत, गोळ्या झाडू नका असं सगळ्यांना कळवलेलं होतं. एका कुणाचा हात सुटला आणि त्याची रेघ बघून सगळं बंदर गोळ्या झाडायला लागलं. तीन वैमानिक गेले.

सुभेदार_आप्पा

हे मी समजू शकतो. एक गन सुटली की बाजूच्या गनवरच्या पोराचं बोट आपोआप आवळतं. त्याला वाटतं, ह्याला दिसलं ते मला दिसलं नाही. म्हणून तर आमच्यात 'गन टाईट' (शत्रू ओळखल्याशिवाय मारायचं नाही) म्हणजे काय ते पोरांच्या डोक्यात हाणून हाणून बसवतात.

नाशिकची_मीनल

२७ फेब्रुवारी २०१९, काश्मीरमधलं बडगाम. आपलंच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक माणूस. त्यातले एक वैमानिक आमच्या नाशिकचे होते, अंत्ययात्रेला अख्खा गाव लोटला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आमची मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. @सह्यकडा, चूक मान्य केली म्हणून सैन्याबद्दलचा माझा आदर तिळभर कमी झाला नाही. उलट.

सह्यकडा

हे मान्य. माझा सूर जरा वर गेला होता.

अर्धा_कप

सूर वर गेला होता, खाली आला. धाग्याच्या विषयाला धरूनच चाललंय :D

हॅरोची_वहिनी

आप्पा, पाटील, काय लिहिताय! मी लंडनजवळ राहते. शेजारचे आजोबा चार वर्षांपूर्वी गेले, १९४० साली आठ वर्षांचे होते. त्यांच्याकडे टॉफीचा एक पत्र्याचा डबा होता, आत कपच्याच कपच्या. रात्री तोफा चालायच्या आणि सकाळी शाळेत जाताना पोरं रस्त्यावरच्या कपच्या वेचायची. पहाटे लवकर गेलं तर गरम सापडायच्या म्हणत. शाळेत अदलाबदल चाले. सगळ्यांत भाव गोळ्याच्या नाकाच्या टोपीला, कारण तिच्यावर वेळ लावायची कडी असते, बारीक आकडे कोरलेले. त्यांच्याकडे तशी एक होती. मला दाखवताना आधी रुमालाने पुसायचे.

"पावसासारखा आवाज यायचा, कौलांवर," हे ते नेहमी सांगत. बाँबचा आवाज ओळखू यायचा. ही टणटण मात्र रात्रभर. पहारा करणाऱ्या वॉर्डनांना लोखंडी टोप दिलेले असत, ते या टणटणीसाठीही.

चष्मेबद्दूर

मी तर वाचलंय की लंडनमध्ये बाँबपेक्षा जास्त लोक स्वतःच्याच तोफांनी मेले.

हॅरोची_वहिनी

नाही हो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे १९४०-४१ च्या जर्मन बाँबहल्ल्यांत, ब्रिटनभर चाळीस हजारांवर नागरिक गेले, ते मुख्यतः बाँबनी आणि आगींनी. कपच्यांनी माणसं जखमी झाली, काही मेलीही. पण 'जास्त' हे भलतंच.

इतिहासाचा_किडा

वहिनींशी सहमत, आणि एक भर. सप्टेंबर १९४० च्या सुरुवातीला लंडनच्या तोफा जवळजवळ गप्प होत्या, लोक चिडले होते. मग ब्रिटनच्या विमानविरोधी तोफांचे प्रमुख जनरल पाईल यांनी तोफा शहराभोवती आणून १० तारखेच्या रात्रीपासून सरसकट मारा सुरू करायला लावला. रात्रीच्या अंधारात नेम जवळजवळ अशक्य. त्या महिन्यात एक विमान पाडायला वीस हजारांच्या आसपास गोळे लागत होते. आता मास्तरांनी सांगावं, वीस हजार गोळ्यांचं लोखंड कुठे गेलं? वर राहिलं नाही. पण लोक खूश होते! आपलेही कुणीतरी उत्तर देतंय, एवढा आवाज पुरेसा होता. झोप उडाली, कौलं फुटली, तरी खूश.

मला स्वतःला हे पटतं आणि नाहीही. नुसत्या धीरासाठी एवढं लोखंड शहरावर पाडायचं का? पण मी त्या तळघरात नव्हतो.

जर्मनांचीही तीच गत. १९४४ मध्ये त्यांच्या ८८ मिलिमीटरच्या तोफांना एक जड बाँबर पाडायला सोळा हजारांच्या आसपास गोळे लागत, असा हिशोब दिला जातो.

टोरांटोकर

लॉस एंजेलिस विसरलात. फेब्रुवारी १९४२, २४ च्या रात्री सायरन वाजला आणि २५ च्या पहाटे तोफांनी चौदाशेच्या वर गोळे मारले. विमान एकही नव्हतं. शत्रूने काहीच टाकलं नाही तरी सकाळी रस्त्यांवर कपच्या, आणि अंधारातले मोटार अपघात व हृदयविकाराचे झटके यांत पाच माणसं गेली. बहुधा हवामानखात्याचा फुगा बघून सुरुवात झाली.

पेठेतला

फुगा पडला का शेवटी?

टोरांटोकर

तेवढं विचारू नका.

हॅरोची_वहिनी

आवाजानेही माणसं मरतात हो. ३ मार्च १९४३, बेथनल ग्रीनचं भुयारी स्टेशन. सायरन झाल्यावर लोक निवाऱ्यासाठी उतरत होते. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कात विमानविरोधी रॉकेटं नव्याने बसवली होती, ती अचानक सुटली. तो आवाज कुणी आधी ऐकलेला नव्हता. लोकांना वाटलं नवाच बाँब. ओला जिना, मंद दिवा एकच, मध्ये कठडा नाही. पुढची एक बाई पडली आणि मागून माणसं येत राहिली. १७३ मेले, त्यात ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बाँब पडला नव्हता. स्टेशनाबाहेर आता स्मारक आहे, उलटा लाकडी जिना हवेत टांगलेला.

मुळ्येकाका

हे माहीत नव्हतं. आमच्या चाळीचा जिना आठवला. तोही लाकडी, तोही अंधारा.

शब्दवेडी

विषयांतर करते, रागावू नका. तुम्ही सगळे 'विमानविरोधी' लिहिताय. 'विमानवेधी तोफ' हा किती छान शब्द आहे! आणि श्रापनेलला 'छर्रे' म्हणू नका, छर्रे गोल असतात. 'किरच' किंवा 'कपची' बरोबर.

इतिहासाचा_किडा

कपची मंजूर. वेधी नामंजूर. वीस हजारांत एक लागतो त्याला वेध कसं म्हणायचं? विरोधीच ठीक, नुसता विरोध.

सुभेदार_आप्पा

:) किडासाहेब, तो १९४० चा हिशोब झाला. आता रडार आहे, गणकयंत्र आहे, कॅमेरे आहेत. पण ड्रोन छोटं, खाली उडणारं, शहराच्या डोक्यावर येणारं. म्हणून तोफेचं तोंडही खाली येतं. तोंड जेवढं खाली, तेवढं गोळ्याचं पडणं लांब. शिकताना आम्ही समुद्राकडं तोंड करून मारायचो, ओडिशात गोपालपूरला. १९८९ पर्यंत हे शिक्षण आपल्या देवळालीला होतं. समुद्राचा भाग मोकळा करायचा, मच्छीमारांना आधी सांगायचं, मगच पहिला गोळा. लढाईत असला समुद्र कुठून आणायचा? कुठल्या दिशेला मारायचं नाही तेही ठरवून घेतात, पण शत्रू नेमका तिकडूनच आला तर काय करणार?

म्हणून लोकांनी करायचं काम एकच. छताखाली जायचं. स्लॅब असेल तर उत्तम, कपचीला स्लॅब भेदता येत नाही. पत्र्याचं, सिमेंटच्या पातळ पत्र्याचं छप्पर असेल तर शेजारच्या स्लॅबच्या घरात. खिडकीपासून लांब, शक्यतो दोन भिंती आत. गच्ची आणि गॅलरी या सगळ्यांत वाईट जागा. मुळ्येकाकांची आजी शंभर टक्के बरोबर, फक्त परात पातळ पडली असती.

नगरी_नग

न फुटलेल्या गोळ्यांबद्दल आप्पांनी लिहिलं त्याला जोर देतो. आमच्याकडे नगरजवळ के.के. रेंज या लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानाच्या आसपासच्या गावांत भंगार वेचणं हा धंदाच आहे. तांबं-पितळ किलोवर जातं. तुकडा तोडताना फुटून माणसं गेल्याच्या बातम्या मी शाळेत असल्यापासून वाचतोय. आमच्या वर्गातला एकजण डाव्या हाताने लिहायचा. जन्माने डावखुरा नव्हता.

गच्चीवरची_मांजर

बापरे. @तवीकाठचा, कुठे आहेस? काही तरी बोल.

भौतिकी_मास्तर

तवीकाठचा, एक विचारायचं राहिलं. भोक झाकणाच्या कुठल्या अंगाला आहे, आणि गोळीबार चालू असताना तुम्ही नेमके कुठे उभे होतात?

तवीकाठचा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण घरात थोडं वातावरण होतं, धागा बायकोनेही वाचला.

मास्तर, भोक झाकणाच्या कडेला, जिन्याकडच्या अंगाला. मी टाकीला पाठ टेकून उभा होतो. मुलगा माझ्यापुढे, मी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, त्याच्या डोक्याची उंची साधारण माझ्या छातीपर्यंत. तो आठ वर्षांचा आहे. मालक तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यालाच शू लागली म्हणून उतरलो. वर किती वेळ होतो ते व्हिडिओवरून कळतं: सहा मिनिटं दहा सेकंद. टाकीवर काही आपटल्याचा आवाज व्हिडिओत नाही, म्हणजे नंतर पडला. किती नंतर ते कळायला मार्ग नाही. व्हिडिओ मी आता पाहत नाही.

आप्पा, ठाण्यात फोन केला. आधी म्हणाले घेऊन या. मग कुणीतरी मागून ओरडलं असावं, म्हणाले नको, आणू नका, हात लावू नका, आम्ही येतो. संध्याकाळी दोघे आले, वाळूच्या बादलीत ठेवून घेऊन गेले. तीन महिने मी त्यावर वीजबिलं दाबत होतो हे ऐकून त्यातल्या एकाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मालकांनाही विचारलं, तुम्हाला कसं माहीत. म्हणाले ६५ साली आणि ७१ सालीही त्यांच्या वडिलांनी पोरांना पलंगाखाली घातलं होतं, वर दोन गाद्या टाकून.

सुभेदार_आप्पा

पोरगा सुखरूप, बास.

मुळ्येकाका

मालकांना आमच्या आजीचा नमस्कार सांगा.

पेठेतला

आणि झाकणाचं काय केलं?

तवीकाठचा

एम-सील लावलं होतं, पहिल्या पावसात सुटलं. दुकानदार म्हणतो नुसतं झाकण मिळत नाही, अख्खी टाकी घ्या. सध्या वर परात उपडी घातलीय.